वीस गुंठे, अठरा टोपल्या: दमलेली जमीन पुन्हा उभी करताना

जमीन सुधारायचं मनावर घेतलेला माणूस पहिली वस्तू कोणती आणतो, तर दोनशे लिटरचा निळा ड्रम. आम्हीही तोच आणला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत, म्हणजे मातीतले जीवाणू वाढवायचं द्रावण, करायला घेतलं आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळलं. जमीन मात्र होती तशीच, भाकरीच्या तव्यासारखी. तो ड्रम अजून वापरात आहे, पण आता कुणी विचारलं की मी सांगते, ड्रम दुसऱ्या वर्षी आणा. पहिल्या वर्षी काडीकचरा गोळा करा.

आमची जमीन गिरणाऱ्याजवळ, फक्त वीस गुंठे. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. बाग काढली, अँगल-तारा विकल्या, आणि खाली उरली ती वर्षानुवर्षं फवारणीच्या ट्रॅक्टरने दाबलेली माती. चाकोरीतली जागा इतकी कडक की कुदळ मारली तर खण्‌ असा आवाज यायचा. आज त्याच तुकड्यातून आठवड्याला अठरा घरांची भाजी निघते. नाशिकच्या आसपास दहा गुंठ्यांपासून एकरभरापर्यंत जमीन असेल आणि हेच करायचं असेल, तर आम्ही गेलो त्या क्रमाने सांगते. जिथे चुकलो, तिथे क्रम बदलून सांगते.

आधी डबा, मग बाकीचं

काहीही करण्याआधी जमिनीला एक प्रश्न विचारायचा: पाऊस पडला तर तू पिणार का?

सहा इंच व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या आणि दोन्हीकडची झाकणं कापून काढा. लाकडाची फळी वर ठेवून, हातोडीने ठोकून तो तीनेक इंच जमिनीत बसवा. त्यात ४५० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे बरोबर एक इंच पाऊस झाला. माती आधीच कोरडी ठक्क असेल तर पहिलं पाणी फक्त भिजवण्यासाठी ओतायचं आणि दुसऱ्या पाण्याला घड्याळ लावायचं. आमच्या चाकोरीत ते पाणी जिरायला चाळीस मिनिटं लागली. बांधावर, जिथे कधी नांगर गेला नव्हता आणि नुसतं गवत माजलं होतं, तिथे चार मिनिटं. दोन जागांमध्ये अंतर पंधरा पावलांचं, माती एकच. कागदावरच्या कोणत्याही अहवालापेक्षा ते चाळीस आणि चार आकडे मला जास्त शिकवून गेले.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ आणि बांधावरचं तसंच एक ढेकूळ पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. शेतातलं बहुधा मिनिटभरात विरघळून गाळ होतं, बांधावरचं आकार धरून राहतं. मुळं, बुरशी आणि गांडुळांचा चिकटा मातीचे कण धरून ठेवतो. आपल्याला हा चिकटाच परत आणायचा आहे.

माती परीक्षणही करून घ्या, पण नमुना नीट काढा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो द्यायची. खत टाकल्यानंतर किंवा बांधालगतचा नमुना घेऊ नका. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, पाहा, ०.५ टक्क्याच्या खाली तो कमी समजतात. आमचा ०.३८ होता. जुन्या द्राक्षबागेची जमीन असेल तर तांबंही तपासून घ्या, कारण बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीत साठून राहतं.

पाणी अडवायचं की वाट द्यायची

एक हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस गुंठे म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तरी आपल्या एवढ्याशा तुकड्यावर १४ लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे १४० टँकर! एप्रिलमध्ये आपण टँकरवाल्याला फोन लावतो तेव्हा हा आकडा आठवून बघा.

पण नाशिक जिल्हा म्हणजे एक गाव नव्हे. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, सिन्नर-येवल्याकडे ५००-६००. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या उतारावर खरी अडचण माती वाहून जाण्याची. तिथे चर काढताना जास्तीच्या पाण्याला सांडवा द्यायलाच हवा. पूर्वेकडे प्रत्येक थेंब जिरवायचा. यूट्यूबवर पाहिलेलं तंत्र उचलण्याआधी ते कुठल्या पावसाचं आहे, हे विचारा.

समपातळी रेषा काढायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल पाईप मागून आणा. पारदर्शक नळीत पाणी भरलेलं असतं. एकाने एक टोक खुंटीला धरायचं, दुसऱ्याने दहा फुटांवर दुसरं टोक घेऊन वर-खाली सरकायचं. दोन्हीकडचं पाणी जमिनीपासून सारख्या उंचीवर आलं की तिथे चुना टाकायचा. असं करत शेत ओलांडलं की रेषा वाकडीतिकडी दिसते, ती तशीच ठेवायची. सरळ करण्याचा मोह आमच्या नानांना आवरला नव्हता. पहिल्याच जोराच्या पावसात तिथेच बांध फुटला.

रेषेवर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर काढायचा आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. वीस गुंठ्यांना वरच्या अंगाला एक आणि मधोमध एक पुरतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं सडतात, म्हणून चराचं एक टोक मोकळं हवं. चराच्या बांधावर मेच्या अखेरीस गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, पाल्याचं खत देणारं झाड) काड्या लावा, तीन-तीन फुटांवर. मध्ये वाळा किंवा चाऱ्याचं गवत. या बांधाचा उपयोग पुढे येतो.

शेवटची नांगरट

नांगर कायमचा बंद करण्याआधी एकदा खोल जावं लागतं. जमीन दाबली गेली असेल तर मे महिन्यात, ती पूर्ण कोरडी असताना, सबसॉयलर एकदा फिरवा. तो माती पलटी करत नाही, खालचा कडक थर नुसता तडकवतो. ओल्या जमिनीत चालवलात तर पैसे वाया.

मग लगेच गादीवाफे पाडायचे. तीन फूट वाफा, दीड फूट वाट. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. त्यात असे सात वाफे बसतात. एकदा पाडले की वाफ्यावर पाय द्यायचा नाही, हा घरातला कायदा. पाहुण्यांना सांगावं लागतं, शेळीला सांगता येत नाही, म्हणून कुंपण.

पहिल्या पावसाला सगळ्या वाफ्यांवर ताग, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, फेकायचा, एकरी २० ते २५ किलो, म्हणजे वीस गुंठ्यांना दहा-बारा. पाणी साचणाऱ्या जागेत धैंचा चांगला. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, कळ्या धरू लागल्या की विळ्याने बुडातून कापा आणि तिथेच आडवा पाडा. उपटू नका. मुळं जमिनीतच कुजू द्यायची, म्हणजे त्यांच्या वाटा गांडुळांना आणि पाण्याला मोकळ्या होतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस टेक्निकचं मर्मही हेच आहे: गादीवाफा कायम, नांगरणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीत.

पहिला खरीप असा बिनपिकाचा गेला म्हणून शेजारपाजारचे हसतात. हसू द्या. पोटाची भीती वाटत असेल तर चार वाफ्यांवर भुईमूग आणि उडीद घ्या.

काडीकचरा: खरी मेहनत इथे आहे

एका गुंठ्याची जमीन नीट झाकायला साधारण १०० किलो वाळलेला काडीकचरा लागतो. वीस गुंठ्यांना दोन टन, आणि तोही वर्षातून एकदा टाकून भागत नाही, कारण जमीन तो खाते. खाल्लाच पाहिजे, त्यासाठीच तर टाकतोय.

आणायचा कुठून? भाताचा पेंढा विकत घेऊ नका, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. निफाडकडे उसाचं पाचट मिळतं. सोयाबीन मळणीनंतर भुसकट बांधावर पडून असतं. शहरातल्या सोसायट्यांत जानेवारी ते मार्च पानगळ पोत्यात भरून कचऱ्यात जाते, नाहीतर पेटवली जाते. आम्ही गंगापूर रोडवरच्या दोन सोसायट्यांच्या माळीदादांना सांगून ठेवलंय. रविवारी छोटा हत्ती टेम्पो घेऊन गेलं की तीस-चाळीस पोती मिळतात. घरी आणून प्लास्टिक वेचायचं काम कंटाळवाणं आहे. रेडिओ लावून बसते.

आणि द्राक्षाच्या काड्या. नाशिकमध्ये एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी झाली की बागांबाहेर काड्यांचे ढीग लागतात. फुकटचं सोनं वाटून आम्ही श्रेडरवर बारीक केल्या आणि हौसेने मातीत कालवल्या. वर मेथी पेरली. मेथी उगवली बोटभर आणि पिवळी पडून तिथेच थांबली, कागदासारखी. कारण साधं होतं. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम. ते कुजवायला बसलेले जीवाणू मातीतलं सगळं नत्र स्वतःसाठी उचलतात, पिकाला उरत नाही. तेव्हा लाकडी भुगा मातीत मिसळायचा नाही, वाटेत किंवा झाडांच्या बुडाशी वरच्यावर पसरायचा. बागेतल्या काड्यांवर भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांचे अवशेष आणि औषधंही असतात, म्हणून भाजीच्या वाफ्यावर येण्याआधी त्या खताच्या हौदातून गेलेल्या बऱ्या.

हौद म्हणजे नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी भोकं. भरताना साधारण चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, फक्त शंभर किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी, थरावर थर. एक-दोन दिवसांत पूर्ण भरून वर शेणमातीने लिंपायचा. तीन-चार महिन्यांत खत तयार. मला यातलं शेणाचं प्रमाण आवडतं. एकाच गाईच्या शेणावर हौद भरतो, ट्रॉलीच्या ट्रॉल्या शेणखत विकत घ्यावं लागत नाही. विकतचं अर्धकच्चं शेणखत आम्ही एकदा आणलं, तर सोबत मुळं खाणारी हुमणी अळी आणि लव्हाळा हे चिवट तण, दोन्ही आले. लव्हाळा अजून गेलेला नाही.

बांधावरचं गिरिपुष्प दुसऱ्या वर्षापासून कापणीला येतं. पाला हिरवा, नत्राने भरलेला आणि लवकर कुजणारा. वाळलेल्या कचऱ्याखाली या पाल्याचा एक थर दिला की मेथीसारखी फजिती होत नाही. पश्चिमेकडे भात करणाऱ्यांसाठी तर तो दुहेरी कामाचा: चारसूत्री लागवडीत चिखलणीच्या वेळी हाच पाला गाडतात. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा जाळून तयार करायला, जो पालापाचोळा आणि फांद्या जाळल्या जातात, त्यांचं खत करून गादीवाफ्यावर रोपं टाकली तर जमिनीचं अन्न जमिनीतच राहतं.

आच्छादनाचे तोटेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याखाली शंखी गोगलगायी माजतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांच्या कडेला टाकायची, पहाटे त्यांखाली गोळा झालेल्या गोगलगायी उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आठ दिवस नेमाने केलं तर फरक पडतो. रोपाच्या खोडापासून आच्छादन चार बोटं लांब ठेवायचं. उंदीर येतात, त्यांच्यामागे साप येतो. बूट घालूनच वाफ्यात हात घालायचा, आणि अंधारात मुळीच नाही.

आता तो ड्रम

जीवामृत वाईट नाही. सुभाष पाळेकरांनी घराघरांत नेलेली कृती अशी: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळून. आठवड्याच्या आत वापरायचं. एकराला २०० लिटर, पिकाला द्यायच्या पाण्यासोबत. माझं मत इतकंच की हे विरजण आहे. विरजण लावायला आधी दूध लागतं. उघड्या, तापलेल्या मातीवर ओतलेलं जीवामृत म्हणजे रिकाम्या पातेल्यात घातलेलं विरजण.

काय, कधी

पावसाळ्यात गिलकी, दोडकी, कारली मांडवावर. खाली भेंडी, गवार, चवळी, वाल. चार-पाच गुंठे नागली (नाचणी), तिच्या ओळींत उडीद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नाशिकचा राजेशाही काळ: मेथी, पालक, मुळा, गाजर, वटाणा, कोबी, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, लसूण. निफाडकडे पारा एक आकडी खाली उतरतो तेव्हा टोमॅटो गारठतो, मेथी-वटाणा मात्र खुलतो. मार्चनंतर विहीर आटते, तेव्हा अर्धे वाफे जाड आच्छादनाखाली झोपू द्यायचे आणि उरलेल्यांत काकडी, गवार, तांदुळजा. सगळीकडे थोडं थोडं पाणी पुरवण्यापेक्षा हे बरं. प्रत्येक वाफ्याला ठिबकच्या दोन नळ्या, आच्छादनाखालून.

उन्हाळ कांद्याला तीन गुंठे द्या. डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिलमध्ये काढणी, मग हवेशीर छोट्या चाळीत. प्रत्येक घराला आठवड्याला किलोभर म्हटलं तर सहा महिन्यांना साडेचारशे किलो होतो. तेवढा तीन गुंठ्यांत निघतो, सडका जाऊनही.

एका वाफ्यात एकाच कुळातलं पीक लागोपाठ घ्यायचं नाही. टोमॅटोनंतर वांगं नको, मेथी किंवा वटाणा चालेल. बांधाला शेवगा, लिंबू, कढीपत्ता, पपई, सीताफळ.

शिवाय जे आपण तण म्हणून उपटतो, त्यातलं निम्मं ताटात चालतं. घोळ, पाथरी, कुर्डू, तांदुळजा. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या मावशी पेठकडच्या. त्या पहिल्या वर्षी म्हणाल्या, "ताई, भाजी फेकता आन् भाजी पेरता?" तेव्हापासून आषाढ-श्रावणात टोपलीत एक रानभाजी असते, सोबत मावशींनी सांगितलेली करण्याची रीत. त्या भाजीचे पैसे मावशींचे.

कीड

थोडक्यात सांगते. जून-जुलैत निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून शंभर लिटर पाण्यात. तो झाला पाच टक्के अर्क. संध्याकाळी फवारा. टोमॅटोत झेंडू, कडेला मक्याच्या दोन ओळी, पिवळे-निळे चिकट सापळे. काही पीक जाईलच. म्हणूनच एका वेळी दहा-बारा प्रकारची पिकं असतात.

टोपली

पेरण्याआधी घरं शोधा. हा क्रम उलटा केला तर माल घेऊन अडत्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथे आपण वीस गुंठ्यांचे कुणीच नसतो. २०२३ चा टोमॅटो आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये पिंपळगाव बसवंतला वीस किलोच्या जाळीला दोन हजारांच्या आसपास भाव, आणि सप्टेंबरात त्याच टोमॅटोचे रस्त्याकडेला ढीग.

आम्ही दहा घरांवर सुरुवात केली, ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची. दर शनिवारी साडेचार किलोची टोपली: किलोभर कांदा, दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, लिंबू-मिरची-कोथिंबीर. भाव वर्षभर एकच, ३०० रुपये. बाजारात टोमॅटो शंभर रुपये असो की पाच. पैसे महिन्याचे आगाऊ. सुरुवातीला दोन घरं सोडून गेली, कारण सलग तीन आठवडे गिलकी गेली होती. त्यांचं बरोबर होतं. आता लागवड आम्ही आठवड्याच्या हिशेबाने करतो. दर पंधरा दिवसांनी एक वाफा मेथी, एक पालक, एक कोथिंबीर, पाऊस-ऊन काहीही असो.

अठरा घरं म्हणजे आठवड्याला ५,४०० रुपये. टोपलीतून उरलेलं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात. यावर दोन माणसांचं काम आणि मावशींची मजुरी निघते. गाडीचा हप्ता निघत नाही. पहिली दोन वर्षं तेवढंही निघत नाही, म्हणून घरातल्या एकाची नोकरी चालू असू द्या.

सेंद्रिय म्हणून शिक्का हवा असेल तर छोट्यांसाठी पीजीएस प्रमाणीकरण आहे. आसपासच्या किमान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी करायची. आमच्या गिऱ्हाइकांनी तो कधी मागितला नाही. ती दिवाळीनंतर एका रविवारी शेतावर येतात, आच्छादन उचलून बघतात, पोरं गांडुळं मोजतात.

जमीन खंडाने घेणार असाल तर एक सावधगिरी. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल या कूळ कायद्याच्या धास्तीने मालक लिहून देत नाहीत, तोंडी एक-दोन वर्षांवर भागवतात. आणि तिसऱ्या वर्षी जमीन सुधारली की मालकालाच ती कसावीशी वाटते. किमान पाच वर्षांचं बोलणं वकिलाच्या समोर झाल्याशिवाय चर खोदू नका, झाडं लावू नका.

वही

दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागांवर डबा ठोकायचा आणि मिनिटं लिहायची. ऑगस्टमध्ये सकाळी फूटभर लांब, रुंद, खोल मातीचा ठोकळा काढून गांडुळं मोजायची. आमच्या चाकोरीत पहिल्या वर्षी एकही नव्हतं, चौथ्या वर्षी सतरा निघाली. चाळीस मिनिटांची सहा झाली. कर्ब ०.३८ वरून ०.५५ वर आला. चार वर्षांत एवढाच, आणि त्यासाठी टनावारी कचरा गेला.

उत्तरेचा कोपरा मात्र अजून तसाच आहे. तिथे लव्हाळ्याने आच्छादनातूनही डोकं वर काढलंय. ताग झाला, पुठ्ठे अंथरून झाले. यंदा तिथे रताळ्याचे वेल दाट लावलेत. नाना म्हणतात, लव्हाळा रताळ्यालाही भोकं पाडून वर येईल. दसऱ्याला खणल्यावर कळेल.